हाताचं दुखणं पोटावर

सुशांतला ऑफिसात सगळे फार संस्कारी समजत. बंगळुरात महादेवपुऱ्यातल्या त्या काचेच्या इमारतीत कुणीही भेटो, अगदी परदेशातून आलेला मोठा साहेब भेटो, हा पुढे आलेल्या हाताला हात न देता वाकून नमस्कार करी आणि मग तेच हात झटकन खिशात घाली. त्याच्या मॅनेजरनं तर भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, की संस्कृती जपावी ती पुण्याच्या पोरांनी. आता संस्कृती-बिंस्कृती काही नव्हती. सुशांतच्या हातांना इसब होता, आणि जोडलेल्या हातांकडे कुणी निरखून बघत नाही हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं.

दुखणं लहानपणापासूनचं. बोटांच्या पेरांवर आणि मनगटाशी लाल चट्टे उठायचे, कातडी कोरडी पडून तडकायची, आणि खाज अशी सुटायची की दुसरं काही सुचू नये. डॉक्टर त्याला अटोपिक एक्झिमा म्हणत. "नाव आटोपिक, पण मेलं आटपत मात्र नाही," असं त्याची आई म्हणे. सर्जापूर रोडच्या सोसायटीत राहायला आल्यावर टँकरचं जड पाणी वाट्याला आलं आणि दुखण्यानं पुन्हा उचल खाल्ली.

एचएसआर लेआउटमधल्या डॉक्टर सौम्या मोठ्या सरळ बाई. त्यांनी त्याचे हात आपल्या हातांत घेऊन उलटसुलट पाहिले आणि सांगितलं, की हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, घाणीनं होत नाही आणि मागच्या जन्मीच्या पापानं तर मुळीच होत नाही. तुझी कातडी पाणी धरून ठेवत नाही, एवढाच तिचा गुन्हा. तेव्हा पाणी कोमट घे, साबण बेताचा आणि बिनवासाचा वापर, हात धुतलेस की टिपून लगेच मलम लाव, आणि रात्री मलमाचा चांगला थर देऊन वर सुती हातमोजे घालून झोप. भांडी घासायचीच झाली तर आत सुती मोजे, वर रबरी. लिंबू, टोमॅटो, कच्चा कांदा यांच्यापासून लांब राहा. शेवटी म्हणाल्या, "आणि लपवू नकोस. आसपासच्या माणसांना सांगून टाक."

सुशांतनं सगळं पाळलं, हे शेवटचं सोडून. त्यालाही कारणं होती. सहावीत असताना बाकावरच्या मित्रानं त्याचे हात पाहून आपला डबा हळूच पलीकडे सरकवला होता. आणि गेल्या वर्षी पुण्यात एका मुलीच्या घरी चहाचा कप उचलताना बाही वर गेली, तर दुसऱ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका अजून द्यायचीच होती! हात दाखवून अवलक्षण ही म्हण इतरांसाठी म्हण असेल, सुशांतनं ती शब्दशः भोगली होती. तेव्हापासून त्याचा नेम होता, की हात कुणाला दाखवायचे नाहीत.

सगळं माहीत असलेला माणूस एकच, त्याच्याच फ्लॅटमध्ये राहणारा नागपूरचा तनय. "काहून लपवून राहिला बे?" तो महिन्यातून एकदा विचारी. "हात आहेत, चोरीचा माल नाही." सुशांत त्याला पाय दाखवी, म्हणजे लाथ मारल्यासारखं करी, आणि विषय तिथंच मिटे.

असं सगळं सुरळीत चाललं असतं. पण सुशांतच्या आईचा फोन अतिहुशार निघाला. आपण एक शब्द लिहायला लागावं तर हा पुढचा अख्खा शब्द सुचवतो, आणि आईंना घाई असल्यामुळे त्या सुचवलेलाच दाबतात. सुशांतला हे प्रकरण पुढे कळलं, पण आपण आताच सांगून टाकू. सुशांतच्याच सोसायटीत आईंची मामेबहीण राहत असे, श्यामलामावशी. तीस वर्षं बंगळुरात काढून मावशींच्या मराठीला कानडीची फोडणी बसली होती, आणि सोसायटीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष जरी त्यांचे यजमान शरच्चंद्रकाका असले, तरी मंडळ चालवत मावशीच. त्यांना आईंचा निरोप गेला तो असा:

"श्यामल, सुशांतचा इसबगोल परत वाढलाय. लाजतो, कुणाला सांगत नाही. लहानपणापासून आहे. तू जरा लक्ष ठेव. गरम पाणी नको, कोमटच. साबण अगदी कमी. मलम दिवसातून पाच-सहा वेळा भरपूर लावायचं. रात्री मलम लावून सुती मोजे घालून झोपायचं. आणि मुख्य म्हणजे खाजवू देऊ नकोस."

इसब लिहायला गेल्या आणि इसबगोल होऊन बसला. हात हा शब्द आईंनी लिहिलाच नाही, कारण त्यांच्या लेखी तो सांगायची गरजच नव्हती. मावशींनी निरोप दोनदा वाचला आणि कपाळावर हात मारला. बद्धकोष्ठ, तेही लहानपणापासून, आणि आता मलम लावण्यापर्यंत पाळी गेलेली! मोज्यांचा संबंध त्यांना लागला नाही, पण आजकालच्या डॉक्टरांचं काही सांगता येत नाही, पायाला ऊब राहिली तर पोट हलत असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी सुशांतच्या दारात हजर. हातात इसबगोलाचा मोठा डबा आणि पांढऱ्या सुती पायमोज्यांचे तीन जोड.

"घे," त्या कुजबुजल्या. "मला सगळं कळलंय. ताईनं कळवलं. माझ्यापाशी लाजायचं नाही."

सुशांतचे हात खिशात आणखी खोल गेले. आईनं सांगितलं तर! पण मावशींचा चेहरा इतका मायेचा होता, की त्याला एकदम भरून आलं. इसबगोल कशाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही, पण पोट साफ तर कातडी साफ असं जुनी माणसं मानतात, तसलं काही असेल असं त्यानं धरलं.

"मावशी, फार त्रास होतो हो," तो म्हणाला. "रात्री तर विचारू नका."

"होणारच रे बाळा. आग होते?"

"आग होते, खाज येते. कधी कधी रक्तसुद्धा येतं."

"अग्गबाई!" मावशींनी तोंडावर पदर धरला. "मलम लावतोस ना वेळच्या वेळी?"

"ऑफिसात पंचाईत होते. सगळ्यांच्या देखत कसं लावणार?"

"छे छे, सगळ्यांच्या देखत कसं लावशील!" मावशी घाईनं म्हणाल्या. "आत जाऊन लावावं."

इतकं मोकळं बोलणं सुशांतनं आजवर घराबाहेर कुणाशी केलं नव्हतं. त्याला धीर आला. वाटलं, डॉक्टर सौम्या म्हणतात तेच खरं, सांगून टाकलं की हलकं वाटतं. खिशातले हात अर्धवट बाहेर काढत तो म्हणाला, "मावशी, बघता का एकदा? दाखवू?"

"नको! नको नको!" मावशी दोन पावलं मागे सरल्या, इतक्या की लिफ्टच्या दाराला टेकल्या. "शी! काय मेल्या दाखवतोस! ते डॉक्टरला दाखव!"

आणि लिफ्ट आली तशी त्या निघूनही गेल्या. सुशांत दारात उभाच राहिला. मग त्यानं हात पुन्हा खिशात घातले. सख्ख्यासारखी मावशी, तिलासुद्धा किळस आली, आणि हे त्याला फार लागलं. त्या रात्री तो जेवला नाही. मोजे मात्र त्यानं हातांत घालून पाहिले, कारण त्याचे हातमोजे धुवायला पडले होते, आणि तनयनं त्याचा फोटो काढला.

उलगडा झाला तो तिसऱ्या दिवशी, लिफ्टमध्ये. शरच्चंद्रकाकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आणखी चार माणसं उभी असताना प्रेमानं विचारलं, "मग? आज झाली का?"

"काय झाली?"

"लाजतोस काय? माझं ऐक. एरंडेल. कोमट दुधातून. सकाळी सहाला घेतलंस तर नवाच्या आत मोकळा."

लिफ्टमधले बाकीचे सद्गृहस्थही तयारीचे निघाले. एकानं त्रिफळा सांगितला, दुसऱ्यानं रात्री भिजवलेले अंजीर, तिसऱ्यानं बसायची एक विशिष्ट पद्धत लिफ्टमध्येच थोडी वाकून दाखवली. तळमजला येईपर्यंत सुशांतच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. त्यानं धावत जाऊन आईला फोन लावला.

"आई, तू मावशीला काय लिहिलंस? वाच बरं."

"काय म्हणजे? सुशांतचा इसब..." आई थांबल्या. "अगबाई. हे गोल कुठून आलं?"

तनय शेजारी बसून ऐकत होता. तो हसता हसता सोफ्यावरून खाली पडला आणि तिथंच लोळत राहिला. सुशांतलाही हसू फुटलं. मावशींनी "काय मेल्या दाखवतोस" म्हटलं होतं ते आठवून तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं पाणी सुटकेचं होतं.

"मी आत्ता श्यामलला फोन करून खरं काय ते सांगते," आई म्हणाल्या.

"नको. राहू दे."

"अरे, राहू दे काय? लोक काय म्हणतील?"

"आई, पोट बिघडलेल्या माणसाला लोक औषधं सांगतात. हात बिघडलेल्याशी लांबून बोलतात. राहू दे म्हणतो ना."

आईंनी मग फोन केला नाही. त्यांनाही तो सरकवलेला डबा आठवला असावा.

आणि मग सुशांतला त्या बद्धकोष्ठाची चटक लागली, असंच म्हणावं लागेल. मंडळात कसलंही ओलं काम निघालं, की हा पोटावर हात ठेवून किंचित वाकायचा. लगेच कुणीतरी म्हणायचं, "अरे, त्याला नको सांगू, त्याचं ठीक नाही." श्रावणातल्या सहभोजनाला त्याला एक भांडं घासावं लागलं नाही. लोक घरी अंजीर आणून देत. तनय ते अंजीर खाई आणि त्याचं पोट मात्र खरोखरच बिघडलं. लबाडी इतकी गोड लागत होती, की तिची किंमत द्यावी लागेल हे सुशांतच्या लक्षात आलं नाही.

किंमत आली ती शिवलीलाच्या रूपानं. शिवलीला निपाणीकडची, महादेवपुऱ्यातच एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची आणि याच सोसायटीत बहिणीकडे राहायची. घरी मराठी, दारात कानडी, आणि दोन्हीकडे सारखीच फटकळ. तिला चुका शोधायचा पगार मिळतो आणि ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा काम थांबवत नाही, असं तनय म्हणे. सुशांतला ती फार आवडत होती. ती बोलत असली की तो ऐकत बसे, आणि ती जवळ आली की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेनासं होई.

त्या वर्षी मावशींनी जाहीर केलं होतं, की गणपतीला पाचशे एक मोदक, सगळे हातांनी वळलेले. काकांनी भीत भीत साच्याचं नाव काढलं, तर मावशी म्हणाल्या, "साच्यातून इडली काढा. मोदक हातानंच." मोदकांचं काम शिवलीलाकडे आलं. तिला करंजीसारखा कडबू उत्तम जमे, पण मोदकाच्या कळ्या पाडणं साधेना. तेवढ्यात तनयनं तिला सांगून टाकलं, की सुशांतच्या आईकडे पुण्यात मोदकांच्या ऑर्डरी असतात आणि हा पठ्ठ्या दहावीपासून एकवीस कळ्यांचा मोदक वळतो.

शिवलीला तडक त्याच्या दारात आली. "काय वो, एवढं येतंय आणि गप्प बसलायसा? उद्या संध्याकाळी क्लबहाऊसला या. मला शिकवा."

कुणी स्वर्ग हातात आणून द्यावा आणि नेमके हातच तयार नसावेत, तशी सुशांतची गत झाली. त्या आठवड्यात बोटं फुटली होती. गरम उकड, पाण्याचा हात, तेलाचा हात, आणि शेजारी ही, एक वीत अंतरावर, त्याच्या बोटांकडेच बघत. त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मला... जमणार नाही. माझं पोट..."

शिवलीलानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "हां. मावशी म्हणत होत्या," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "स्वल्प ओवा चावून बघा. राहू दे, मी करून घेईन कसं तरी."

ती गेली. ज्या मुलीसमोर आपण निदान माणसासारखं दिसावं अशी त्याची इच्छा, तिनं त्याला ओवा सांगितला होता! तनय आतून ओरडला, "सांगून टाक न बे, आता तरी!" सुशांतनं दार लावून घेतलं. हात बघून ती मागे सरकली तर? एकदा सरकलेली मुलगी त्यानं पाहिली होती. शिवलीलाला तसं सरकताना बघायची त्याची छाती नव्हती.

गणेश चतुर्थीच्या सकाळी क्लबहाऊस माणसांनी फुलून गेलं. एका बाजूला उकडीची परात घेऊन शिवलीला आणि चार बायका बसल्या होत्या, आणि त्यांचे मोदक काही केल्या उभे राहत नव्हते. कळ्या मिटायला जावं तर पारी फाटे, सारण बाहेर डोकावे. काका दुरून म्हणाले, "बाप्पा सगळं गोड मानून घेतो," आणि मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते तोरण बांधायला निघून गेले.

सुशांत भिंतीशी पोटावर हात धरून उभा होता. मावशींची नजर त्याच्यावर गेली. "तू असा उभा नको राहूस, उभं राहून आणखी धरतं. बस इथं. बसल्या बसल्या एवढी लिंबं पिळ सरबताला. आणि एक ग्लास तूही घे, मोकळं होईल." समोर टोपलीभर लिंबं आली.

आता सांगायचं होतं तर हीच वेळ होती. सुशांतनं तोंड उघडलं. पण समोरून शिवलीला बघत होती, आणि त्याचं तोंड मिटलं. खिशात पातळ प्लास्टिकचे हातमोजे होते, ते त्यानं पाठ फिरवून चढवले आणि लिंबू पिळायला घेतलं. पहिली दहा निभावली. अकराव्याला बोटापाशी मोजा टरकला, लिंबाचा रस आत शिरला आणि फुटलेल्या पेरांत उतरला.

सुशांतनं जी किंकाळी फोडली, ती पार्किंगमधल्या ड्रायव्हरांनीही ऐकली म्हणतात. तो दोन्ही हात पोटाशी दाबून दुमडून बसला.

"कळ आली! त्याला कळ आली!" मावशी गरजल्या. "अहो, धरा त्याला! संडास मोकळा करा!"

काकांनी त्याचं एक मनगट पकडलं, तनयनं दुसरा दंड धरला, आणि दोघांनी त्याला जवळजवळ उचलूनच नेलं. "चाल, आत नळ आहे," तनय त्याच्या कानात म्हणाला. दार लागलं. सुशांतनं मोजे ओरबाडून काढले आणि हात नळाखाली धरले. आग हळूहळू उतरायला लागली. मग त्याला बाहेरचे आवाज ऐकू यायला लागले.

"जोर करू नकोस रे!" मावशी.

"सावकाश होऊ दे. मंडळाला घाई नाही," काका. "आरती पंधरा मिनिटं पुढे ढकलली आहे."

कुणीतरी एरंडेल आणायला धावलं. मग मावशी म्हणाल्या, "शिवलीला, तू जा गं इथून. त्याला ओशाळल्यासारखं होईल."

"कशाला ओशाळायचं?" शिवलीलाचा आवाज आला, अगदी दाराजवळून. "माणूस आहे, दुखतंय. वो सुशांत, आतून कडी लावू नका, चक्कर आली तर पंचाईत. इथंच हाय मी."

सुशांतनं नळ बंद केला. समोरच्या आरशात एक लालबुंद तोंड आणि दोन लालबुंद हात दिसत होते. आपल्याला हसावं की रडावं, हे त्याला कळेना. जी मुलगी बद्धकोष्ठासाठी संडासाच्या दाराशी पहारा देते, ती आपल्या हातांना भिईल असं तीन आठवडे आपण धरून चाललो होतो, आणि तेही तिला न विचारता! त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं हात टिपले, खिशातली मलमाची ट्यूब काढून दोन्ही हातांना भरपूर मलम लावलं आणि दार उघडलं.

"झाली?" काकांनी आशेनं विचारलं.

"काका, पोट नाही," सुशांत म्हणाला, आणि दोन्ही उघडे हात वर केले. "हात. मला इसब आहे. लहानपणापासून. इसबगोल नाही, इसब. आईच्या फोननं गोल लावलं, आणि मला कळल्यावरही मी ते तसंच राहू दिलं. खोटं बोललो. मला हात दाखवायची लाज वाटत होती."

काकांनी मावशींकडे पाहिलं. मग मावशींनी कमरेचा फोन काढला, चष्मा चढवला आणि तो निरोप पुन्हा, या वेळी मोठ्यानं वाचला. "कोमट पाणी... साबण कमी... म्हणजे हे हातांचं होय! आणि मोजे? मोजे हातांचे? आणि ते मलम..."

"तू काय समजलीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाल्या, आणि सगळं क्लबहाऊस हसायला लागलं. मावशींचेही डोळे हसून भरले. मग त्या पुढे आल्या, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "तू मला त्या दिवशी हात दाखवत होतास होय रे? आणि मी शी म्हणाले! लागलं असेल ना तुला? मेला तो फोन."

सुशांत नाही म्हणत हसला. आणि तेवढ्यात त्यानं काकांना पाहिलं. काका हसत होते, पण हसता हसता, त्यांच्याही नकळत, ज्या हातानं त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं तो हात धोतराला पुसत होते. दोनदा पुसला. सुशांतचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"मागं का घेतलासा?" शिवलीला म्हणाली. तिचं लक्ष होतंच. "दाखवा बघू."

त्यानं सावकाश पुढे केले. तिनं वाकून पाहिले, एखाद्या कामातली चूक बघावी तसे, भुवया आकसून. "अय्यो, केवढं फुटलंय! आणि ह्या हातांनी लिंबू पिळत बसलासा? इसुबु म्हणतोय आम्ही ह्याला. दुसऱ्याला लागतंय काय हे?"

इतकं सरळ त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "शिवल्यानं लागत नाही."

"मग सरी, झालं तर," शिवलीला म्हणाली, आणि काकांकडे वळून, "काका, ऐकलासा न्हवं? धोतर राहू दे आता." काका ओशाळले. पुन्हा सुशांतकडे वळून ती म्हणाली, "म्हणजे तुमचं पोट चांगलं हाय. मग शिकवायला काय झालंय? पाचशे एकातले अकराच झालेत, त्यातले चार फुटलेत. चला."

"मी उकडीला हात लावणार नाही. कातडी फुटलेली असताना खाण्याच्या वस्तूला लावू नये, आणि मला गरम सोसतही नाही."

"मग तोंडानं सांगा. हात माझे घ्या."

दोघं परातीशी बसले. सुशांतनं हात मांडीवर ठेवले आणि तोंडानं सांगायला सुरुवात केली. पारी मध्ये जाड, कडेला पातळ. सारण भरा. आता कड चिमटीत धरा, नाही, ओढू नका, नुसती उचला. दुसरं बोट मागून. मागून म्हणजे आतून नाही. शिवलीला सांगेल तसं करत होती, आणि मोदक काही केल्या मोदक होत नव्हता. एकाचा कडबू झाला, एकाला पाय फुटल्यासारखं दिसायला लागलं. भोवती बघ्यांची गर्दी जमली. तनय म्हणाला, "बे, हे सांगून होणारं काम नाही."

खरंच नव्हतं. सुशांतच्या आईनंही त्याला कधी तोंडानं शिकवलं नव्हतं. तिनं मागून त्याची बोटं धरली होती. सुशांतनं मांडीवरचे हात पाहिले. लाल, फुटलेले, मलमानं चकाकणारे.

शिवलीलानं नवी पारी घेतली, आणि काही न बोलता पारीसकट हात त्याच्यासमोर धरून ठेवला.

"अगं, मलमाचा हात लागेल!" मावशी म्हणाल्या. "तो मोदक नैवेद्यात नको."

"न्हाई घालत वो. हा शिकायचा हाय."

सुशांतनं तिची बोटं धरली. तिची बोटं उकडीनं गरम होती, त्याची मलमानं निसरडी, त्यामुळे पहिली कळी सटकली आणि ती खुदकन हसली. दुसऱ्या कळीला त्यानं तिचं बोट नीट मागून टेकवलं. तिसरी जमली. चौथीला त्याला सांगावं लागलं नाही, तिचं बोट आपणहून योग्य जागी गेलं. बघणारे मोजत होते. नऊ कळ्यांवर दोघांनी मिळून टोक वळवलं, आणि मोदक ताठ उभा राहिला. काकांनी टाळी वाजवली आणि वाकून पाहायला आले, इतके जवळ की त्यांचा खांदा सुशांतच्या हाताला लागला, आणि या वेळी त्यांनी काही पुसलं नाही.

"झाला की मोदक," मावशी म्हणाल्या. "आता सोडा हात."

सुशांतनं सोडला. शिवलीलानं नाही सोडला.